सोपटाची गाठ

बाबा स्टुलावर बसून कारल्याचा वेल मांडवाला बांधत होते, केळीच्या वाळलेल्या सोपटाने. मी नायलॉनची दोरी पुढे केली, तर म्हणाले, "नको रे. ती जन्मभर राहते आणि वेल जाड झाला की त्यालाच कापते. सोपट आपलं कुजून जातं. तोवर वेलाने मांडव धरलेला असतो."

माझी लेक सई हसायलाच लागली. तिच्या प्रयोगशाळेत हेच चाललंय म्हणे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाचा जो भाग मरतो, तिथे नुसता वण उरतो. त्या जागी समुद्री शेवाळापासून केलेली मऊ जेली सोडायची. तिने दुबळ्या भिंतीला आधार द्यायचा आणि काम झालं की विरघळून जायचं. सध्या प्रयोग उंदरांवर आहेत.

बाबांचा हात नकळत छातीवर गेला. त्यांच्या हृदयावरचा वण आता आठ महिन्यांचा झालाय.

"पण विरघळायचं कधी, हे तिला सांगतं कोण?" त्यांनी विचारलं.

"तिथेच तर अडलंय, आजोबा. लवकर गेली तर भिंत फुगते. जास्त राहिली तर तिचीच अडचण होते."

मी त्या सोपटाकडे बघत राहिलो. आधार द्यायला कुणीही शिकेल. पण निघायची वेळ या वाळक्या सालीला कशी कळते?

गाठ मारून बाबा स्टुलावरून उठले. चार पावलं चालून पुढच्या वेलापाशी गेले आणि थांबले.

"आता सोड की," ते म्हणाले.

त्यांचा दंड मी अजून धरूनच होतो.