तात्यांचं खाकरणं

बिराप्पातात्या कुणाच्याही दारात आले की आधी खाकरायचे. मोठ्यानं दोनदा खाकरून क्षणभर थांबायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. मैंदर्गीकडं जन्मभर मेंढरं राखलेला हा धिप्पाड माणूस म्हातारपणी कुंभारीला मुलाकडं राहायला आला होता. आमच्या घरांची भिंत एकच. त्यांच्या आवाजानं माझ्या हातातला चहा हिंदकळायचा. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाले, "घरात लेकीसुना असत्यात. गडीमाणूस आलाय ते आदी कळाय पायजे की."

शेळ्यांशी कानडीत लाडानं बोलणारे तात्या रागाला मात्र जबर होते. सुनेवर, महादेवीवर, हात उगारला म्हणून पोटच्या पोराला त्यांनी भर गल्लीत काठीनं झोडपलं होतं.

मग ती खोकल्यातून पसरणारी साथ आली आणि गल्लीची नजर फिरली. या म्हाताऱ्यांचं जगून झालंय, आता आपल्या पोराबाळांना घेऊन जाणार, असं नळावर उघड बोललं जाऊ लागलं. तात्यांना पाहिलं की दारं धाडकन लागायची.

एका सकाळी त्यांची शेळी समोरच्या म्हाळूच्या अंगणात शिरली. तात्या तिला आणायला गेले आणि सवयीनं दारात खाकरले.

"मुद्दाम खोकतोय म्हातारा," म्हणत म्हाळूनं खोऱ्याचा दांडा त्यांच्या बरगडीत घातला. आणखी चौघं धावून आले. तात्यांनी एकाचा दात पाडला, पण त्या वयात शरीर किती टिकणार? खाली पडल्यावर त्यांना लाथांनी तुडवलं. तुडवणाऱ्यांच्या तोंडावर मास्क अगदी नीट लावलेले होते. महादेवी आणि मी मध्ये पडलो, तेव्हा कुठं ते हरामखोर थांबले.

बरगड्या मोडल्या होत्या. त्यानंतर तात्या कधी खाकरले नाहीत. घोंगड्यावर पडून, पटक्याचा बोळा तोंडात कोंबून खोकला दाबायचे. "भाईर ऐकू जातंय का गं?" एवढंच सुनेला विचारायचे. तसेच गुदमरत गेले.

दहावा झाल्यावर म्हाळू भेटायला आला. मी महादेवीजवळच बसले होते. तो दारात थांबला आणि रीतीप्रमाणे खाकरला.

महादेवी उठली. कोपऱ्यातली तात्यांची काठी तिनं उचलली.

"मुद्दाम खोकतोस व्हय?" ती हळूच म्हणाली आणि पहिला तडाखा त्याच्या बरगडीत बसला. मग दुसरा, मग तिसरा. तो उंबऱ्यावर कोसळला.

मला बरं वाटलं, आजही वाटतं. या वेळी मी मध्ये पडले नाही.