मॅटवाला ओपनर

मस्कतला आमच्या क्रिकेट टीमचा ओपनर होता गाला भागातल्या गॅरेजमधला एक रत्नागिरीचा वेल्डर. तीन वर्षांत त्याने कधी दहाच्या वर धावा केल्याचं मला आठवत नाही. तरी दर शुक्रवारी सकाळी तोच पहिला उतरायचा, कारण सगळ्यांना मैदानावर नेणारी पिकअप त्याची आणि पिचवर अंथरायची काथ्याची मॅटही त्याचीच. आउट झाला की बॅट काखेत मारून म्हणायचा, "बॉल खाली बसला, भाय." दर वेळी बॉलच खाली बसायचा!

सेमीफायनलला मी, कॅप्टनने, धीर करून त्याला सातव्या नंबरवर टाकलं आणि यादी त्याच्या हातात दिली. "इन्शाल्ला, जिंकू," एवढंच म्हणाला. मग एकट्याने मॅट अंथरली, खिळे ठोकले आणि पॅड बांधून तिच्यावरच जाऊन उभा राहिला. हलेचना! अंपायर माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मीच त्याला खेळ सुरू करायची खूण केली. दुसऱ्याच बॉलला दांडी गुल.

"मॅट झिजलीय, भाय," परत येता येता म्हणाला.

आम्ही हरलो. माझं डोकं इतकं तापलं होतं की दार्सैतला घरी पोचेपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. बसलो होतो मात्र त्याच्याच पिकअपमध्ये, पुढच्या सीटवर.