कुरुळीची खोली आणि माझा लाल टॅग

खुर्चीवरून न उठता, डाव्या हातात चहाचा कप धरून एका माणसाने स्वतःचं घर पाडलं, असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. काढा. तो माणूस मीच. आणि घरही साधंसुधं नव्हे, लग्नानंतरचं आमचं पहिलं घर. कुरुळी गावातली भाड्याची खोली. तीही पंचवीस वर्षांनी, लग्नाच्या वाढदिवसाला तीन दिवस उरलेले असताना.

त्याचं असं झालं. आमची मृणाल हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करते आणि घरी येऊन विरंगुळा म्हणून पुन्हा कॉम्प्युटरवरच बसते. तिच्याकडे एक गेम आहे. युद्धात एक मोठं शहर उद्ध्वस्त झालंय, आपण बंदूक घेऊन त्या पडक्या शहरात हिंडायचं. पण कुणा हौशी माणसाने त्या गेमचा मॉड केला. मॉड म्हणजे काय ते मृणालने मला समजावलं, मला कळलं नाही, मग मीच मला समजावलं. रिक्षा कंपनीतून साधी येते. पुढे आपला भोसरीचा माणूस तिला टेप बसवतो, निळे दिवे लावतो, मागची गादी फुलाफुलांची शिवून घेतो, आणि शेवटी ती रिक्षा कंपनीलाही ओळखू येत नाही. तो मॉड. या मॉडमुळे त्या अख्ख्या पडक्या शहराची वस्ती करता येते. मलबा उचला, भिंती घाला, वायर ओढा, माणसं बोलवा, त्यांना खाटा द्या. बंदूक कोपऱ्यात उभी.

मी भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपचा सुपरवायझर. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. गुरुवारी मृणाल ऑफिसात, शोभा तिच्या शिवणाच्या क्लासला, आणि संत तुकाराम नगरच्या घरात मी एकटा. टीव्हीवर बायका एकमेकींच्या विरुद्ध कट करतात, ते किती बघणार?

"बाबा, तुम्ही गुरुवारी वस्ती सांभाळा," मृणाल म्हणाली. "रस्त्यावरचा मलबा उचलायचा. पण एक अट आहे. त्या कोपऱ्यात पत्र्याचं कुंपण आहे ना, तिकडे जायचं नाही."

"का? काय आहे तिकडे?"

"काही नाही. काम चालू आहे."

आता तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे निदान तुम्ही तरी माझ्यासारखे फसणार नाही. त्या कुंपणाच्या आत मृणाल तीन महिने कुरुळीची खोली बांधत होती. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून. शोभाला माहीत होतं. कुरुळीला आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे सलीमभाई, ज्यांचं आता भोसरीत गॅरेज आहे, त्यांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

खरं तर संशय यायला हवा होता. एकदा जेवताना मृणालने सहज विचारलं, "बाबा, कुरुळीची खोली केवढी होती हो?"

या विषयावर मला कुणी काही विचारलं की मला थांबवणं अवघड. म्हणालो, "बारा बाय चौदा. पूर्वेला खिडकी. खिडकीतून डोंगर. सकाळी ऊन थेट माझ्या ताटात यायचं. दारात आंबा."

आतून शोभाचा पोळ्या लाटायचा आवाज येत होता, तो बंद पडला. मृणालने "अच्छा" म्हणून मान हलवली आणि वरणात मीठ घातलं. तिने काही लिहून घेतलं नाही. लिहून घेणारी पोरगी लिहून घेत नाही म्हणजे माहिती दुसरीकडून मिळालेली आहे. पण मी तेव्हा आंब्यावर होतो. त्या आंब्याला किती आंबे लागायचे ते सांगायचं बाकी होतं.

तर तो गुरुवार. दोन तासांत मी तीन रस्ते साफ केले. त्या गेममध्ये एक फार सुंदर सोय आहे. नको असलेल्या वस्तूकडे बघायचं, बटण दाबायचं, वस्तू भंगारात. तिचं लोखंड, लाकूड आपोआप स्टोअरमध्ये जमा. ना भंगारवाल्याशी घासाघीस, ना गेटपास. अशी सोय कंपनीत असती तर मी आज मॅनेजर असतो.

आणि मग मला ते कुंपण दिसलं. त्यावर पाटी: आत येऊ नये.

आमच्या वर्कशॉपमध्ये मी फाइव्ह एसचा प्रमुख आहे. फाइव्ह एस म्हणजे जपान्यांची साफसफाईची पद्धत. कामाचं ठेवायचं, बिनकामाच्या वस्तूला लाल टॅग लावायचा, कुणी दावा सांगितला नाही तर वस्तू भंगारात. आणि इतक्या वर्षांच्या अनुभवातून मी एक गोष्ट शिकलोय. ऑडिटच्या आदल्या दिवशी सगळा कचरा जिथे लोटतात, तिथेच 'आत येऊ नये' असं लिहितात. मला कसं ठाऊक? कारण ती पाटी दरवेळी मीच रंगवतो.

म्हटलं, पोरीने पसारा लपवलाय. वडील म्हणून आपलं कर्तव्य आहे.

आत गेलो. बघतो तर काय, पत्र्याची एक खोली. कोंबड्यांच्या खुराड्यापेक्षा जरा मोठी. खिडकी नाही, वर हवेसाठी फक्त एक झरोका. आत एक खाट, ती इतकी रुंद की दार पुरतं उघडेना. स्टोव्ह. पत्र्याची पेटी. दोरीवर कपडे. दाराबाहेर तेलाच्या डब्यात तुळस आणि एक सायकल, तिला चेनकव्हर नाही. एक बाई स्टोव्हपाशी उभी, आणि दारात खुर्ची टाकून एक पुरुष निवांत बसलेला, ज्याला काही काम म्हणून दिलेलं नव्हतं.

मी हळहळलो. खरंच सांगतो. म्हटलं, एवढं मोठं शहर रिकामं पडलंय आणि या दोघांना इथे कोंबलंय. माणसं राहतील कशी इथे?

मग मी चहा करून आणला आणि बसलो. आधी सायकल. मग पेटी, दोरी, स्टोव्ह. तुळशीशी जरा अडखळलो, पण डबा गंजका होता. खाट. पत्रे एकेक करून. पंधरा मिनिटांत जागा लख्ख. त्या जागी मी लांबलचक शेड उभारली. एका रांगेत बारा खाटा, मध्ये पिवळे पट्टे, आगीच्या बादल्या, बाहेर पाटी 'सुरक्षा प्रथम'. बाईला खाट नंबर दोन दिली, पुरुषाला खाट नंबर अकरा. नंबराप्रमाणे, त्यात मला वशिला चालत नाही.

तो पुरुष मात्र बेरकी निघाला. खाट सोडून पुन्हा पुन्हा येऊन नेमका खोलीच्या जागी उभा राहायचा. तीनदा परत पाठवला, तीनदा आला. शेवटी त्याला तिथेच गेटवरची ड्युटी दिली. म्हटलं, उभंच राहायचंय ना, मग पगारी उभा राहा.

इथवरही एक वेळ चाललं असतं. गेममध्ये आधीच्या स्थितीच्या प्रती ठेवलेल्या असतात, काही बिघडलं तर मागे जाता येतं. अशा चौदा प्रती होत्या. पण फाइव्ह एसइतकंच मला दुसरं वेड आहे कागदपत्रांचं. नवीन ड्रॉइंग आलं की जुन्या प्रती फाडायच्या, नाहीतर कारागीर चुकून जुन्यावरून जॉब बनवतो. मी चौदाच्या चौदा काढून टाकल्या. एकच ठेवली, माझी. आणि हात धुऊन जेवायला बसलो.

रविवार उजाडला. सलीमभाई सकाळीच पेढे घेऊन आले. मृणालने कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडला, आम्हा दोघांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं. शोभाने नवी साडी नेसली होती आणि ती सारखी माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, साडीबद्दल काही बोलायचं राहिलं. बोललो. तरी हसतच होती.

"आता डोळे मिटा," मृणाल म्हणाली. कुंपणापाशी आली असावी, तिच्या आवाजातच कळत होतं. "उघडा."

उघडले. समोर माझी शेड. टीव्हीवर तर काय दिसत होती राव. पिवळे पट्टे सरळ रेषेत, बादल्या चकाचक.

आणि मी, काय बोलू, मी उभा राहिलो. मला वाटलं पोरीला बापाचं काम इतकं आवडलं की तिने खास समारंभ ठेवलाय. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "अगं, त्यात काय एवढं. दोन तासांचं काम."

मृणालने माऊस खाली ठेवला.

"बाबा, इथे एक खोली होती."

"होती ना. भंगार होतं सगळं. खुराडं. काढून टाकलं."

सलीमभाईंनी तोंडातला पेढा चघळायचा थांबवला. "दत्ताभाऊ," ते हळूच म्हणाले, "ते तुमचं घर होतं."

"माझं? छे. माझी खोली बारा बाय चौदाची. खिडकी होती, आंबा होता."

"आंबा माझ्या दारात होता," सलीमभाई म्हणाले. "आणि तो आंबा नव्हता, शेवगा होता."

मी शोभाकडे बघितलं. ती आता हसत नव्हती. "आठ बाय दहा," ती म्हणाली. "खिडकी नव्हतीच. तुम्ही खाटेवर पाय लांब केले की दार लागायचं नाही. घरमालकीण आक्का काय म्हणाल्या होत्या आठवतंय का? 'खोली ल्हान हाय, पर माणसं दोनच हाईत न्हवं का.' डोंगर, ऊन, आंबा हे सगळं तुम्ही नंतर आणलंत. एकेक वर्षी एकेक."

पोरीने खरी खोली बांधली, आणि मी गेली पंचवीस वर्षं लोकांना दुसरीच सांगत आल्यामुळे खरी समोर आली तेव्हा ओळखलीच नाही. वर तिला बिनकामाची ठरवून भंगारात काढली.

मृणाल चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जाऊ दे बाबा, जुनी प्रत काढते."

तिने शोधलं. वरून खाली, खालून वर. मग माझ्याकडे बघितलं.

"त्याही काढल्या," मी म्हणालो. "गोंधळ नको म्हणून."

ती उठली आणि गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागली. कपडे ओले होते.

मी कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली आणि म्हणालो, "शोभा, माप सांग."

"आठ बाय दहा."

"नऊ धरू?"

"आठ."

शेड पाडली. पत्रे उभे केले. शोभा सांगत होती, मी बांधत होतो, आणि मी जिथे जिथे फूटभर वाढवलं तिथे सलीमभाई मागून "भाऊ, भाऊ" करत होते. "भिंत एवढी जाड नव्हती. तुमच्या घोरण्याने माझी ताटं वाजायची."

स्टोव्ह डाव्या हाताला. पेटी खाटेखाली. झरोक्याला फडकं कोंबलेलं, कारण पावसात तिथून पाणी यायचं, हे मी साफ विसरलो होतो. सायकलला चेनकव्हर का नव्हतं हेही शोभाने सांगितलं. ते विकून मी तिला गजरा आणला होता. ही एकच गोष्ट अशी निघाली, जी मी कधीच कुणाला सांगितली नव्हती.

तासाभराने गॅलरीतून मृणाल म्हणाली, "तुळस दाराच्या उजवीकडे." मग आत आली आणि माझ्या हातातून माऊस घेतला.

खोली पुरी झाली, तसा तीन दिवस गेटवर उभा असलेला तो बेरकी पुरुष आपणहून वळला, दारातून अंग चोरून आत गेला आणि खाटेवर पडला. पाय लांब केले. दार लागलं नाही.

शोभा पदराने डोळे टिपत हसली. मला म्हणाली, "बघा, हुबेहूब."

पुढच्या गुरुवारी मी कॉम्प्युटरपाशी गेलो, तर माझ्या खुर्चीला लाल टॅग लटकत होता. आमच्याच वर्कशॉपचा, माझ्याच बॅगेतला. अक्षर मायलेकींचं, आलटून पालटून. वस्तूचे नाव: बाबा. संख्या: एक, पुरे. स्थिती: आवाज जास्त, बाकी चालू. आणि खाली निर्णयाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अमूल्य ठेवा. जपून ठेवावा.'

बरं, ठीक आहे. निदान तुम्हाला तरी खरं सांगतो. लिहिलं होतं, 'सध्या राहू द्या. जागा लागली की बघू.'