वाढत्या अंगाचे बर्नर

गुहागरच्या पोस्टात फोन आला तेव्हा मी शाळेत होते. पोस्टमन वर्गाच्या दाराशी आला आणि म्हणाला, "बाई, रत्नागिरीत तुमचे दादा गेले." झोपेतच गेला म्हणे. चिपळूणचा वळसा घालून एस.टी. पोचेपर्यंत त्याला नेलंही होतं. याला महिना उलटून गेला. पण मी लिहायला बसले आहे ती नुसत्या दुःखाने नव्हे, शोकसभेतलं एक वाक्य घशात अडकलंय म्हणून. आमचा मामा बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "श्रीधर हुशार, पण एकदा त्याचं गणित चुकलं." लोकांनी माना डोलावल्या.

दादाचं गणित चुकलं नव्हतं.

मामा बोटीवर इंजिनरूममध्ये होता. परत आल्यावर त्याने रत्नागिरीत मच्छीमार लाँचींचे नांगर आणि साखळ्या घडवायचा कारखाना काढला, आणि मुंबईत चांगल्या नोकरीत असलेल्या दादाला भट्टी उभारायला बोलावून घेतलं. तासाला किती लोखंड तापवायचं, भिंती किती उष्णता खाणार, धुराड्यातून किती वाया जाणार, हे सगळं मांडून दादाने तेलाचे दोन लहान बर्नर ठरवले. मामाने आणले ते जवळजवळ दुप्पट मोठे. आपल्याकडे पोरांचे कपडे घेतात ना, तसे वाढत्या अंगाचे. उद्या धंदा वाढला की परत कुठे घेत बसायचं, आज बारीक करून वापरू, असं त्याचं म्हणणं. दादाने परोपरीने समजावलं, की मोठ्या शर्टाची बाही दुमडता येते, बर्नर दुमडता येत नाही. फार बारीक केला की तेलाचा फवारा नीट उडत नाही, तेल ठिबकतं, धूर होतो, ज्योत विझते. मोठा केला की जाळ समोरच्या विटा खातो. मामा नुसता हसला... बोटीवरचे बॉयलर पाहिलेल्या माणसाला भाचा काय शिकवणार! मला विचाराल तर दादाने त्याच दिवशी बॅग भरायला हवी होती. पण भट्टी अर्धवट टाकून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

व्हायचं तेच झालं. दादा केळशीला एका लग्नाला गेलेला असताना ज्योत विझली. आत साठलेली तेलाची वाफ बाहेर जायला वेळ द्यावा लागतो; मामाने लगेच पेटवायला लावलं. भडका दारातून बाहेर आला आणि भिकाजी नावाच्या कामगाराचे दोन्ही हात भाजले. त्याची बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत.

चौकशीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी आई दादासमोर बसली. "माझ्या पाठच्या भावाला तुरुंगात घालशील? तुझं काय, तू शिकलेला, तुला कुठेही नोकरी मिळेल." दादाने साहेबांना सांगितलं, बर्नर मी निवडले. आईला मी याबद्दल कधीच क्षमा केली नाही. ती आता नाही, तरीही नाही. नोकरी कुठेच मिळाली नाही. भट्टी उडवणारा इंजिनियर... एवढी ख्याती पुरते. त्यानंतर दादाने बागायतदारांचे पंप दुरुस्त केले. मामाने मात्र नंतर गुपचूप लहान बर्नर बसवले, अगदी दादाच्याच मापाचे, आणि कारखाना आज त्यांच्यावर चांगला चाललाय.

दादा माझ्याकडे आला की आधी स्वयंपाकघरात शिरायचा. गॅसवर काहीही असो, वाकून बघायचा आणि जाळ भांड्याच्या बुडाबाहेर येणार नाही इतकाच ठेवायचा. मी चिडायचे. आता गॅस पेटवला की माझीच मान वाकते.

गेल्या आठवड्यात मामा आला. कारखान्याच्या नव्या शेडला दादाचं नाव द्यायचंय, माझी संमती हवी. मी चहा टाकला. डोकं ठिकाणावर नव्हतं, जाळ पातेलीच्या चहूकडून वर आला. मामा दारातून म्हणाला, "अगो, भांडं केवढंसं, जाळ केवढा! धाकट्या शेगडीवर ठेव बघू."

मी वळून त्याच्याकडे बघत राहिले. काय बोलून गेलो ते त्यालाही कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"शेडला नाव नको, मामा," मी म्हटलं. "शोकसभेत बोललास ते चारचौघांत परत घे."

तो चपला घालायला वाकला. मी गॅस बंद केला. चहाला अजून उकळी आली नव्हती.