मोतीबाईचं पांढरं पातळ

आमच्या सासूबाईंना, म्हणजे इंझोरीच्या कस्तुराबाईंना, एखादी गोष्ट करू नका म्हटलं की झालंच! नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं बजावलं होतं, बौद्धपुऱ्यातल्या मोतीबाईच्या हातचा चहा प्यायचा नाही. पहिल्याच आठवड्यात बाई शेतात तण निंदायला गेल्या अन् बांधाच्या धुऱ्यावर बसून मोतीबाईचा चहा पिऊन आल्या. घरी येऊन वर सांगितलंही, "गोड होता." या गोष्टीला पन्नास वर्षं झाली. तेव्हापासून दोघींची जोडी.

श्रीलंकेचं खूळ मोतीबाईंचं. तिथं कँडी नावाच्या गावात जुन्या राजांचा राजवाडा आहे अन् त्याला लागून भगवान बुद्धांचा दात जपून ठेवलेलं मंदिर. ते एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा. मंगरूळपीरहून सहल निघणार होती. दोघींनी पासपोर्ट काढले, अन् दोघींना सांभाळायला मी, कस्तुराबाईंची सून मंजुषा. निघायला आठ दिवस राहिले अन् मोतीबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

सासूबाई म्हणाल्या, मीही जात नाही. मोतीबाईंनी खाटेवरून त्यांना असं झापलं की बस.

"कायले नाही जात वं? म्या मेली काय?" मग उशाखालून एक पांढरंशुभ्र पातळ काढलं. कोरं, घडीसुद्धा न मोडलेलं. "तिथं समदे पांढरं नेसून जातात. याच्यासाठीच घेतलं होतं म्या. आता तू नेसजो. माहं पातळ तरी दर्शन घेईन."

"हाव, नेसतो," सासूबाई म्हणून मोकळ्या झाल्या. पण घरी येताना रस्ताभर ते पातळ अंगाला लागू न देता लांब धरून चालल्या. मला कळलं. आमच्याकडे नवरा जिवंत असलेली बाई पांढरं नेसत नाही. त्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे मारोतराव, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचं दुखणं झालं तेव्हा सासूबाईंनी दवाखान्याच्या पायरीवर तीन दिवस काढलेले. जगात कशाला न घाबरणारी बाई त्या एका गोष्टीला घाबरते.

कँडीला पोचलो. राजवाडा पाहून सासूबाईंनी तिथल्या तिथं निकाल दिला, "राजा साधा असंन. आमच्या आमदाराची माडी याच्याहून मोठी हाय." सहलीतले सगळे हसले. हातात पिशवी, पिशवीत ते पातळ. मी विचारलं, नेसता का? तर म्हणतात, "पिशवीत हाय ना. पिशवीतून दर्शन होत नाही काय?"

मला रागच आला. तिकडे मोतीबाई खाटेवर पडून दिवस मोजताहेत अन् इकडे या पिशवीचं सांगतात! पण सासूबाईंना बोलणार कोण? 

मंदिराच्या दारात पहारेकऱ्यानं हात आडवा केला. सासूबाईंचं हिरवं नऊवारी लुगडं, काष्टा घातलेला, मागून पोटऱ्या उघड्या. गुडघ्याखालीही पाय झाकलेले हवेत, असं तो खुणेनं सांगू लागला. सासूबाई भडकल्या. "अरे बापू, ह्याच लुगड्यानं म्या जल्मभर देवळं पाह्यली! तूच मोठा शहाणा?"

त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो दोन पावलं मागं सरला. मी मध्ये पडले. बाजूलाच कमरेला गुंडाळायचे रंगीत कपडे मिळत होते. सासूबाईंना म्हटलं, "आत्या, एक घेऊ. भागून जाईल."

त्यांनी त्या रंगीत कपड्यांकडं पाहिलं. मग पिशवीकडं. मग आत जाणाऱ्या लोकांकडं. आत जाणारी बाई न् बाई पांढऱ्यात होती. म्हाताऱ्या होत्या, कडेवर लेकरू घेतलेल्या होत्या, अन् शेजारी त्यांचे धडधाकट नवरे कमळांची फुलं घेऊन चालले होते.

"मंजू, ह्या समद्यायचे नवरे जिते हायत वं!"

"हो ना, आत्या."

"मंग काढ ते पातळ."

लुगड्यावरूनच मी त्यांना ते गोल नेसवलं. हिरवा काठही दिसू दिला नाही त्यांनी, पदर डोक्यावरून घेतला. निऱ्या खोचताना त्यांनी दोनदा गळ्यातलं मंगळसूत्र चाचपलं. मग म्हणाल्या, "फोन लाव."

मामाजींनी फोन उचलला.

"जिते हाय ना?"

"काहून? हरभऱ्याले पाणी देऊन राह्यलो."

"देत राहा," म्हणाल्या अन् फोन माझ्या हातात कोंबून आत शिरल्या, सगळ्यांच्या पुढं. ढोल वाजत होते, फुलांचा वास कोंदला होता. दाताच्या सोन्याच्या पेटीसमोरून रांग पुढं सरकत होती, थांबू देत नव्हते. सासूबाई रांगेतून बाहेर पडल्या, मागं जाऊन जमिनीवर बसल्या अन् कपाळ टेकवलं. बराच वेळ उठल्याच नाहीत. मला वाटलं, चक्कर आली की काय. जवळ गेले तर पुटपुटत होत्या, "मोती आली. मोती आली."

इंझोरीला आलो तशा त्या आधी मोतीबाईंकडं गेल्या. पातळ हातात दिलं. मोतीबाईंनी पदर उलगडला अन् थबकल्या. पांढऱ्या पदरावर लालभडक डाग.

"कुकू लागलं वं," सासूबाई ओशाळल्या. "डोकं टेकवलं तवा पदर मधात आला. आण इकडं, धुवून देतो."

मोतीबाईंनी पातळ सोडलं नाही. "मले वाटलं, तू पिशवीतच ठेवशीन."

"ठेवलंच होतं."

"मारोतरावाच्या जिवाचं भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना! लय वाटलं. दारातूनच फोन लावला त्यायले."

मोतीबाईंनी तो डाग डोळ्यांना लावला. म्हातारी रडत होती अन् हसतही होती. "धुवू नोको. आता बुद्ध पौर्णिमेले काठी घेऊन का होईना, विहारात जाईन. हेच नेसून जाईन. कोणी पुसलं तर सांगीन, हे कस्तुराचं कुकू हाय, माह्यासाठी लंकेले जाऊन आलं."

 सासूबाई उठल्या अन् चहा ठेवायला मोतीबाईंच्या चुलीकडं गेल्या.