चष्मा वर केला की हसायचं

स्किट वाचून दाखवताना समोर कुणी हसलं नाही की माझ्या घशाला कोरड पडते. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी लिहू पाहणाऱ्या मुलीला याहून वाईट खोड नसेल. मुंबईतले सर आणि त्यांची टीम माझं स्किट व्हिडिओ कॉलवर ऐकायची, तेही माइक बंद करून. इंदिरानगरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी नवरा, बायको, सासू अशा तिघांचे आवाज काढायचे आणि ते चौघं मख्खासारखे माझ्याकडे बघायचे. सात स्किटं अशीच गेली.

आठवं शेवटचं होतं. तेही गेलं तर सोमवारपासून निफाडला, मामाच्या ओळखीनं, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरी. मी हो म्हणून बसले होते. नोकरीत वाईट काही नव्हतं. पण एकदा तिथं गेले की मी पुन्हा लिहायला बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची मला भयंकर भीती वाटत होती.

म्हणून मी आईला हाताशी धरलं. आई मळ्यातली मेथी आणते आणि दुपारभर जुड्या बांधते, संध्याकाळच्या बाजारासाठी. माझे विनोद तिला कळत नाहीत, तसं ती तोंडावर सांगते.

"मी चष्मा वर केला की हसायचं," मी म्हणाले.

"अन् नाय आलं हसू तर?"

"आणायचं."

दोन दिवस तिनं मेथी निवडता निवडता सराव केला. आईचं हसू मोठं आहे, एकदा सुटलं की आवरत नाही.

कॉलच्या वेळी ती लॅपटॉपच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी, मेथीचा ढीग घेऊन बसली. मी चष्मा वर करायचे, ती तोंडात पदर धरून आवाज न करता हसायची, माझा आवाज मोकळा व्हायचा. इतकं चांगलं मी कधीच वाचलं नव्हतं. संपल्यावर सरांनी माइक चालू केला.

"मेहनत दिसते गं. पण हसू येत नाही. आपण इथं थांबूया."

मी गयावया केली. अजून एक संधी द्या म्हणाले, दोनदा म्हणाले, लाज सोडून म्हणाले. सर नाही म्हणाले. डोळे भरून आले, ते पुसायला मी चष्मा वर केला.

आई हसली, आणि या खेपेला हसू पदरात मावलं नाही.

मी हातानं नको नको करत होते, पण चष्मा कपाळावरच होता, म्हणून ती आणखी जोरात हसली. समोरचे चौघं आधी गोंधळले. कोण हसतंय, असं सरांनी विचारलं आणि मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. तसे चौघंही खो खो हसत सुटले. आठ स्किटांत जे जमलं नव्हतं ते जमलं.

"अगं, हे लिही ना!" सर म्हणाले. "उद्या सकाळी पाठव."

कॉल बंद झाल्यावर आईनं पदरानं तोंड पुसलं. "जमलं ना? शेवटी लय हसले."

मी लिहिलं. स्किटमधली आई खऱ्या आईपेक्षा जरा जास्तच बावळट केली, कारण बावळट आई टीव्हीवर चालते. मुलगी रडते आणि ती दात काढते. दुसऱ्या दिवशी दुपारी, नेहमीप्रमाणे, ते आईला वाचून दाखवलं. का दाखवलं, कोण जाणे.

जुडी बांधणारे तिचे हात मध्येच थांबले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या चष्म्याकडे बघत विचारलं, "इथं हसायचं का?"

"नाही," मी म्हणाले.

स्किट सकाळीच पाठवून झालं होतं. पासही झालं होतं.