मामाजींची बेडकी

मामाजी गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या कपाटातल्या वस्तूंची मोजदाद करत होते. फोनवर धाकटे दीर होते. एवढंच म्हणाले, "वहिनी, बाबा गेले. पहाटे. झोपेतच." मी फोन ठेवला आणि हातातला कागद उलटा करून त्यावर सासरी अमडापूरला न्यायच्या वस्तू लिहायला घेतल्या. डोकं चालेनासं झालं की माझा हात यादी करायला लागतो, ही जुनी सवय. पातळं दोन. मुलांचे कपडे. ह्यांचा चष्मा. गाडीचं तेल, एक डबा... चौथी ओळ लिहून झाल्यावर लक्षात आलं की तेल ज्यांच्यासाठी न्यायचं ते आता नाहीत. ओळ खोडावी असं वाटलं, पण खोडली नाही. बुलढाण्याहून निघताना डबा घेऊनच एसटीत बसले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. गावासाठी बापूसाहेब. कापूस-ज्वारीची चांगली शेती, नेसायला धोतर, अंगात पांढरा सदरा, शिक्षण मराठी सातवी. अशा माणसाच्या गोठ्याला लागून पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीत दोन सीटांची विलायती शर्यतीची गाडी होती. खामगावला कापसाच्या धंद्यात असलेला कुणी इंग्रज साहेब देश सोडून निघाला, तेव्हा मामाजींनी ती त्याच्याकडून घेतली. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सांगायच्या, की गाडी पाहून आल्यापासून आठ दिवस हा माणूस ताटावर बसून नुसता भाकरीचे तुकडे करत होता. मग एकदाची ती घरी आली. हिरवी, बुटकी, तारांच्या चाकांची, बॉनेटवर कातडी पट्टा आवळलेली. पुढचे दोन मोठे दिवे डोळ्यांसारखे वर आलेले. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव बेडकी ठेवलं.

ह्या बेडकीच्या पोटात जे होतं त्यानं मी आजही चकित होते. साधं इंजिन आपल्या ताकदीपुरती हवा ओढून घेतं. ह्या गाडीत इंजिनाला दाबून हवा भरवणारा एक पंप होता, सुपरचार्जर. मामाजी त्याला लोहाराच्या भात्यावरून 'भाता' म्हणत. तो उघडला की आत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन पोलादी रूळ दिसत. ते एका मिनिटात हजारो वेळा फिरत, पण एकमेकांना शिवत नसत आणि भोवतीच्या भिंतीलाही शिवत नसत. मध्ये अंतर किती, तर केसाएवढं. गाडी वेग घेऊ लागली की ह्या भात्यातून एक बारीक शीळ निघायची आणि चढत जायची. शेतातली माणसं पाठ सरळ करून उभी राहत. "बापूसाहेब चालले," असं कुणी म्हणायची गरज नसे.

हे सगळं सांभाळणं म्हणजे एक संसारच होता. गाडी सुरू करायचे प्लग वेगळे, पळवायचे वेगळे. इंजिन तापलं की एक संच काढून दुसरा लावायचा. पेट्रोल कातड्यातून गाळून घ्यायचं. भात्याचं तेल वेगळं, तेही मोजून. मामाजी हे सगळं आठवणीवर करत. कुणी शिकवलं, असं मी पुढे एकदा विचारलं तर म्हणाले, "साहेबाचं एक पुस्तक होतं. वाचता येत नव्हतं, पन चित्रं होते ना."

महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मी सून म्हणून त्या घरात आले. माहेर चिखलीचं, वडील शिक्षक, मी मॅट्रिक. सासरी सून सासऱ्यांशी बोलत नसे. काही सांगायचं तर आत्याबाईंना सांगायचं, मग त्या सांगणार. सासऱ्यांचं उत्तरही त्याच वाटेनं परत येणार. मामाजी समोर आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढून मी भिंतीकडे सरकायची. दोघं चार हातांवर असलो तरी, "सूनबाईले म्हन चहा करा," असं ते आत्याबाईंना म्हणत आणि आत्याबाई मला म्हणत, "चहा कर व." ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. मलाही नव्हतं.

पहिल्याच हंगामात वेचणीचा कापूस घरात आला आणि गाडीच्या खोलीशेजारच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला. घरभर रुईचे तंतू तरंगायचे. पाण्यात, पिठात, केसांत. एक दिवस झाडायला गेले तर भात्याच्या तोंडाशी, जिथून तो हवा ओढतो तिथे, तंतूंची मऊ साय धरलेली दिसली. हे आत जाणं बरं नाही, एवढं मला कळलं. मी जुन्या मलमलीचं फडकं धुऊन वाळवलं आणि त्या तोंडावर दोऱ्यानं बांधलं, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसं. फार शहाणपणाचं काम केलं असं वाटलं. आत्याबाईंना सांगायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी खोलीत शिरले आणि मला ते फडकं आठवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तिथून गाडी दिसायची. हाक मारली असती तर त्यांना सहज ऐकू गेली असती. पण मी मागे वळले आणि आत्याबाईंना म्हणाले, "त्यांना थांबायला सांगा, तोंडावर फडकं आहे."

"कोनाच्या तोंडावर?"

"गाडीच्या!"

आत्याबाई हातचं पीठ झटकत उठल्या. तोवर इंजिन सुरू झालं होतं. ते दोनदा खोकलं. गाडी थंड आहे असं समजून मामाजींनी जोरात पाय दाबला... आणि फडकं आत ओढलं गेलं. जो आवाज झाला तो मी आजही लिहू शकत नाही. मग एकदम शांत. त्या शांततेत आत्याबाई दारातून म्हणाल्या, "अहो, सूनबाई म्हनते थांबा म्हून."

भाता उघडायला दोन दिवस लागले. मलमल दोन्ही रुळांभोवती पिळून बसली होती. त्यांना जोडणाऱ्या एका दातेरी चाकाचे तीन दात गेले होते. ज्याचा जोड जिल्ह्यात दुसरा नव्हता, ज्याचा सुटा भाग मिळण्याची आशा नव्हती, ते यंत्र मी मोडलं होतं. ते पुन्हा फिरलं नाही तर ह्या घरात माझं नाव कायमचं त्या फडक्याबरोबर घेतलं जाईल, अशी मला खात्री होती. मी पदर ओढून दाराशी उभी होते. मामाजींनी मलमलीची शेवटची चिंधी चिमट्यानं ओढून काढली आणि वर न बघता म्हणाले, "कोनी बांधलं?"

आत्याबाई तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला. "तुले नाई पुसलं. तिले पुसलं."

मी म्हणाले, "मी बांधलं. तंतू आत जात होते."

"जात होते, हे खरं हाय. इतके वर्षं माह्या ध्यानात नाई आलं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "अन् त्या दिवशी तू दारात उभी होती. मले काऊन नाई सांगितलं?"

मी पदर आणखी पुढे ओढला.

"आजपासून माह्यासंगं सरळ बोलत जाय. हे मशीन हाय बाई, हे निरोपासाठी थांबत नाई."

आत्याबाई म्हणाल्या, "लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले भाता दुरुस्त करता येते का?"

एवढंच. ओरडले नाहीत, पुन्हा कधी फडक्याचा विषयही काढला नाही. उलट दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "तुले लिवता येते. मी खोलतो, तू लिव." मी वही घेतली आणि कोणता बोल्ट कुठून निघाला, त्याखाली वायसर होती की नव्हती, हे क्रमानं लिहू लागले. प्रत्येक भाग वेगळ्या डबीत, डबीवर आकडा, आकडा वहीत. आज लोक माझ्या याद्यांना हसतात. ह्या याद्यांचा जन्म तिथला.

खामगावच्या एका कारखान्यातल्या मिस्त्रीनं तुटलेल्या दातांच्या जागी पितळ वितळवून चढवून दिलं. दात कापायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. "आता हे, बापूसाहेब, कानशीनं घासा नाहीतर देवघरात ठेवा," असं तो म्हणाला. मामाजींनी घासायला घेतलं. मी असं काम आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. तीन दात, तेही पोलादी दातांच्या रांगेत नेमके बसले पाहिजेत. रोज सकाळी शेतावर जाण्याआधी ते तासभर बसत. दोनदा कानस फिरवायची, चाक जोडून बघायचं, पुन्हा काढायचं. पण दात नेमका कुठे अडतो ते कळत नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी म्हणाले, "मामाजी, काजळ लावून बघू?" त्यांना मी मारलेली ती पहिली हाक. समोरच्या चाकाला बोटानं काजळ लावलं, दोन्ही फिरवली. पितळेवर जिथे जिथे उंची होती तिथे काळा ठिपका उमटला. मामाजींनी चाक उजेडात धरून तो ठिपका निरखला. मग आत ओरडले, "अवं, तुह्या सुनेले काजळाच्या दोन डब्या जास्त आनून देजो!"

दोन महिने ते चाललं. मी ठिपके सांगायची, ते घासायचे. एक माणूस एका दातावर इतका वेळ, इतक्या शांतपणे खर्च करू शकतो हे मला माहीत नव्हतं. कधी कधी तर दिवसभराचं काम म्हणजे चिमूटभर पितळेची पूड.

ज्या दिवशी भाता परत चढवला त्या दिवशी मी वही वाचली आणि त्यांनी एकेक गोष्ट हातानं तपासून "हाव" म्हटलं. तेल? हाव. बोल्ट आठ? हाव. तोंड मोकळं? हाव. मग म्हणाले, "बस."

"कुठे?"

"गाडीत. दाबाचा काटा कोन वाचीन?"

मी पदर कमरेला खोचून बसले. गावातून निघालो तेव्हा पाराशी बसलेल्या एकानं विचारलंच, "काय बापूसाहेब, सुनेले मोटार शिकवून राह्यले का?"

"नाई बे," मामाजी म्हणाले, "ते मले शिकवून राह्यली."

खामगावकडचा घाट उतरून परत चढताना ती शीळ पुन्हा निघाली. आधी शंका यावी इतकी बारीक, मग स्वच्छ, मग टेकड्यांवरून परत येणारी. मी काटा वाचत होते, मोठ्यानं, आणि वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. कापसानं भरलेले ट्रक कडेला उभे, रेडिएटरमधून वाफ सोडत. बेडकी त्यांच्या शेजारून वर गेली. पितळेचे ते तीन दात पोलादाबरोबर फिरत होते. मामाजींचे डोळे रस्त्यावर होते, पण ओठ हलत होते. माझ्या आकड्यांमागोमाग ते प्रत्येक वेळी "हाव" म्हणत होते.

पुढे ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही बुलढाण्याला आलो, मला शाळेत काम मिळालं. पण रविवारी मी अमडापूरला जायची ती गाडीसाठी. मामाजींनी मला ती चालवायलाही शिकवलं.

तेराव्यानंतर बैठकीत गाडीचा विषय निघाला. दिरांनी अकोल्याहून एक मेकॅनिक आणला होता. तो भला माणूस होता, बरोबरच बोलला. म्हणाला, हा पंप आता कुणाला झेपायचा नाही. काढून टाका, साधा कार्ब्युरेटर बसवा, गाडी कुणीही चालवेल. सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, थोरले म्हणून. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी सरळ मेकॅनिकलाच सांगितलं, "भाता काढायचा नाही. मी सांभाळीन."

दीर म्हणाले, "दादा, तुमचं काय मत?"

आतून आत्याबाई आल्या. पंधरा दिवसांत त्या चार वाक्यंही बोलल्या नव्हत्या. "तिनं सांगितलं ना आत्ता? मंग त्याले काऊन पुसून राह्यला?" आणि मेकॅनिकला म्हणाल्या, "चहा घेऊन जाजो भाऊ."

आता मी दर रविवारी जाते. इंजिनाच्या उजव्या अंगाला मामाजींचा बुटका पाट आहे, डाव्या अंगाला माझा. हत्यारं सगळी उजवीकडे, त्यांनी लावली तशी. मी डावीकडेच बसते आणि प्रत्येक पान्यासाठी इंजिनावरून पलीकडे वाकून हात लांबवते. पदराला तेल लागतं, वेळ दुप्पट लागतो, पाठ भरून येते. अशी गैरसोय मी दुसऱ्या कुणासाठी एक दिवसही चालवून घेतली नसती. 'हत्यारं डावीकडे आणणे' असं मी यादीत लिहिलं आहे. पाच रविवार झाले. त्या ओळीपुढे अजून खूण केलेली नाही.